काकाजींच्या दुखण्याचा भाव

पहिला आकडा स्वतःच्या तोंडून कधीच न काढलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमचे काकाजी. माझ्या वडिलांचे मित्र, तुमसरच्या धानबाजारातले जुने दलाल. भाव आपण आधी बोलायचा नाही, हे तरुणपणी त्यांनी इतकं मनावर घेतलं की घरात, पंगतीत, कुठेच त्यांच्या तोंडून आकडा म्हणून फुटेना. काकूंनी भात किती वाढू विचारलं की म्हणायचे, "तुह्या मनात किती आहे?" मतदारयादीवाल्या मास्तरांनी वय विचारलं, तर "तुमाले किती वाटते?" मास्तर भिडेपोटी पन्नास म्हणाले, तर हे पंचेचाळिसात मिटवायला निघाले. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा सगळे नव्या नकाशाबद्दल बोलत होते. काकाजी मात्र हळहळले, "अर्धा जिल्हा देऊन टाकला, अन् केवढ्याले घेता म्हणून इचारलं बी नाही."

अशा माणसाला संधिवात झाला. तोही साधासुधा नव्हे, बोटांची पेरं सुजवणारा, सकाळी मूठ वळू न देणारा. दलालाला तर धान तळहातावर चोळून तांदूळ पाहावा लागतो. काकाजी दाणा दाताखाली धरू लागले आणि "दातालेच खरं समजते" असं ठासून सांगू लागले. बाजाराने ते मानलंही. सदऱ्याच्या गुंड्या काकू लावून देतात, हे फक्त मला ठाऊक होतं, म्हणून नागपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं.

बाईंनी सरळ सांगितलं, की सूज वेळेत उतरली नाही तर बोटं वाकडी होतील ती कायमची, आणि औषध किती वाढवायचं ते तुमच्या सांगण्यावरही ठरतं. "तर काकाजी, दहापैकी किती दुखतं?"

"तुमीच सांगा ना बाई, वाजवी काय ते."

"सात?"

"सात तं जास्त होते. तीनात करून टाका."

बाई घासाघिशीत नवख्या होत्या. चारावर सौदा पटला आणि औषध होतं तेवढंच राहिलं. काकाजी कोपराने कठडा धरत, विजयी मुद्रेने जिना उतरले. घरी काकू मला म्हणाल्या, "यायचे हात कामातून चालले, अन् यायले सौदा सुटून नाही राहिला." प्रत्येक खेपेला हेच व्हायचं.

मग एकदा बाईंनी छोटी बाटली पुढे केली. सांध्यातली कूर्चा झिजली की तिचे बारीक अंश लघवीत उतरतात, त्यावरून आजाराचा जोर कळतो का ते आम्ही तपासतोय, अजून पक्कं नाही, पण तुमची सकाळची लघवी आणाल का, असं त्यांनी विचारलं. काकाजींचा चेहरा पडला. "म्हणजे माह्या मांगं आता हे बोलन?"

पण दलाल तो दलाल. मालाची वानगी साफ असली पाहिजे, म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी पहाटेपासून तांब्यावर तांबे पाणी रिचवलं आणि मगच बाटली भरली. त्या पाण्यापायी आमची बस मोहाडीला थांबवावी लागली, भंडाऱ्याला सुटता सुटता थांबवावी लागली, आणि पुढे कंडक्टरने आमच्याशी बोलणंच टाकलं. दवाखान्यात काकाजींनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. "पाहा बाई. कचरा नाही, काही नाही."

महिन्याभराने गेलो तेव्हा काकूही सोबत होत्या. बाई हसू दाबत म्हणाल्या, "काकाजी, लघवीत पाणी किती आहे तेही आम्ही मोजतो आणि मगच हिशेब धरतो. पाणी फारच होतं. आणि तुम्ही सांगता त्याच्या मानाने झीज बरीच दिसते. एक्स-रेसुद्धा तेच म्हणतोय."

वजन वाढवायला पाणी मारून आणलेलं धान उभ्या बाजारात पकडून भल्याभल्यांना खजील करणारे काकाजी पाणी मारलेल्या मालासकट पकडले गेले होते. मला हसू आवरेना. काकाजी बाईंकडे मोठ्या आदराने बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बाईंनी काही विचारलंच नव्हतं.

"नऊ," ते म्हणाले. "सकाळी दहा."

बाईंनी मान खाली घालून नवं औषध लिहिलं. काकूंनी पदराने डोळे पुसले. मी मात्र वाट पाहत होतो, की आता काकाजी म्हणतील, चला, आठात करून टाका. त्यांनी एकही कमी केला नाही. त्या औषधाने बोटं पुष्कळ सुटली, गुंड्याही ते स्वतः लावू लागले. तरी अजून वाटतं, त्या दिवशी त्यांनी थोडी घासाघीस केली असती तर मला फार बरं वाटलं असतं.