कुसुमताई आणि उघडी पोस्टकार्डं

कुसुमताई खरवड्यांना काहीही सांगितलं, की त्या ते जसंच्या तसं परत म्हणत. भाजीवाल्याने "भिंडी छह आने सेर" म्हटलं, की "भिंडी, छह आने, एक सेर" असं उच्चारून मगच त्या पिशवी पुढे करत. लग्न होऊन मी जयपूरला आले त्या दिवशी बनी पार्कातल्या आमच्या अंगणात त्या भेटल्या. मी म्हटलं, "मी सुधा जोशी. समोरच्या खोल्यांत आलेय. इथलं काहीच कळत नाही मला." त्या गंभीरपणे म्हणाल्या, "सुधा जोशी. समोरच्या खोल्या. काहीच कळत नाही. बरं, चहा घेता का?" मला वाटलं, बाई थट्टा करतात. मग कळलं, त्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. दिवसभर लोकांचे नंबर परत म्हणून खात्री करून घ्यायच्या, ती सवय घरीही सुटत नव्हती.

त्या मूळच्या अमरावतीच्या. नवऱ्याचा, रघुनाथरावांचा, तिथे छोटा छापखाना होता. ते अचानक गेले, छापखाना विकला गेला, आणि कुसुमताईंनी सव्विसाव्या वर्षी नोकरी धरली. बदली होत होत त्या सासूसह जयपूरला आल्या. आमची ओळख झाली तेव्हा नवरा जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. उंच, सावळ्या, मनगटावर पुरुषी घड्याळ. आठवड्याभरातच मला "अगं" म्हणायला लागल्या. मी खिडकीशी उगाच उभी दिसले, की अंगणातून हाक यायची, "काय करून राहिली गं? ये इकडे, पापड लाटू लाग."

एका रविवारी सकाळी आम्ही पापडच लाटत होतो, तेव्हा एक गुमास्ता आला. काळी टोपी, बगलेत कापडी बस्ता, बोलणं साखरेचं. त्याने सांगितलं ते असं: रघुनाथरावांनी अमरावतीच्या एका सावकाराकडून सहाशे रुपये घेतले होते. सावकार वारला. त्याच्या पुतण्याची इथे जौहरी बाजारात कापडाची गादी, म्हणजे पेढी, आहे. जुन्या पेटीत कर्जाचा रोखा सापडला. व्याजासकट तेवीसशे रुपये होतात.

"रघुनाथ खरवडे. सहाशे घेतले. तेवीसशे झाले," कुसुमताई म्हणाल्या. हातातलं लाटणं थांबलं होतं, आवाज मात्र एक्स्चेंजातलाच होता. "रोखा दाखवा."

त्याने नक्कल दाखवली. मूळ कागद गादीवर आहे म्हणाला. मग महसुली तिकीट लावलेला एक कोरा कागद त्याने पुढे सरकवला. "बहनजी, आज फक्त दहा रुपये द्या आणि इथे दस्तखत करा. बाकीचं सवडीने. मेलेल्या माणसाची इज्जत राहील."

"मूळ कागद बघितल्याबगर मी दहा पैसे देत नाही आणि सही तर मुळीच करत नाही. या आता."

तो गेला, पण आतून रडण्याचा आवाज आला. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी हातातल्या दोन्ही पाटल्या काढून त्यांनी सुनेपुढे ठेवल्या. "माह्या रघूच्या डोक्यावरचं कर्ज आहे ते पोरी. तो तिकडे अडकून पडला असंल. हे घे अन् देऊन टाक."

"आई, त्यांचं देणं असलं तर मी देईन. पण किती अन् कोणाचं, ते तर कळू द्या. कोणी दारात येऊन डोळे वटारले म्हणून पाटल्या काढायच्या?"

"तुले माणूस गेल्याचं काही नाही!" म्हातारी एकदम बोलून गेली.

हे वाक्य मात्र कुसुमताईंनी परत म्हटलं नाही. पाटल्या उचलून सासूच्या हातात पुन्हा चढवल्या आणि कंदिलाची काच पुसत बसल्या. काच स्वच्छ झाली तरी पुसतच होत्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या ओळखीच्या वकिलांकडे आम्ही गेलो. त्यांनी सांगितलं, रोख्याची मुदत केव्हाच संपली. कोर्टात तो चालणार नाही. मात्र कोऱ्या कागदावर सही केली, तर वर हवं ते लिहून देणं नव्याने उभं करतील. दहा रुपयांचं आमिष त्यासाठीच होतं.

मग पोस्टकार्डं सुरू झाली. पाकिटं नव्हेत, उघडी कार्डं, पोस्टमनपासून घरमालकापर्यंत सगळ्यांना वाचता यावीत अशी. 'विधवा बाई पगार खाते आणि नवऱ्याचं कर्ज बुडवते,' अशी त्यात भाषा. पहिलं कार्ड घरमालकाने दोन बोटांत धरून आणून दिलं. कुसुमताईंनी ते वाचलं, आत गेल्या, हातोडी आणली आणि आमच्या सामाईक दारावर खिळ्याने ठोकलं. "ज्याला वाचायचं त्यानं सावकाश वाचा," त्या हिंदीत मोठ्याने म्हणाल्या. दुसरं आलं, ते त्याच्या खाली ठोकलं. चौथ्या कार्डापर्यंत गल्लीतल्या लोकांनी वाचणं सोडून दिलं होतं.

तेव्हा त्या गुमास्त्याने एक्स्चेंजच्या सुपरवायझरांना फोन केला. सरकारी नोकर कर्जबाजारी असल्याचा बोभाटा झाला, तर चौकशी लागू शकत होती. सुपरवायझरांनी कुसुमताईंना बोलावून खुलासा विचारला. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, मी तुमच्यासमोर गादीवर फोन लावते. तुम्ही ऐका." फोन लागल्यावर त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल इथे जे सांगितलंत, ते पुन्हा बोला. साहेब ऐकून राहिले." पलीकडून नुसतं "जी, जी" आलं. "बरं. उद्या तीन वाजता मी येते. मूळ रोखा काढून ठेवा."

"भीती वाटली का हो?" मी विचारलं. "लई वाटली," त्या म्हणाल्या. "उद्या तू चल सोबत."

जौहरी बाजारातल्या त्या गादीवर गिऱ्हाइकांची गर्दी होती. शेटजींनी, म्हणजे सावकाराच्या पुतण्याने, आतल्या खोलीत बसायला सांगितलं. कुसुमताई बाहेरच, पांढऱ्या गादीच्या कडेला, ठाण मांडून बसल्या. "घराची बोलणी तुम्ही पोस्टकार्डावर केलीत. आता आत कशाला?"

गिऱ्हाइकं बघायला लागली. शेटजींनी नाइलाजाने रोखा काढून पुढे धरला. खाली रघुनाथरावांची सही होती. मी पाहिलं, कुसुमताईंची नजर त्या सहीवर क्षणभर अडकली. मग त्या म्हणाल्या, "पलटवा. भरलेले पैसे मागच्या बाजूला टिपतात."

"मागे काही नाही."

"मग पलटवायला काय हरकत आहे?"

शेजारी साडी बघत बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनीच हात लांब करून कागद उलटला. मागे मृत सावकाराच्या हाताने, तारखा घालून, पाच वेळा पैसे पोचल्याचं लिहिलं होतं. कुसुमताईंनी एकेक आकडा मोठ्याने वाचला. एकूण चारशे साठ. नकलेत ही बाजू उतरवलीच नव्हती.

शेटजी गुमास्त्याकडे बघू लागले, गुमास्ता छताकडे. "राहिले एकशे चाळीस," कुसुमताई म्हणाल्या. "वकील म्हणतात, तेही द्यायची मला गरज नाही. मी देईन. पण त्याआधी तुम्ही तीन पोस्टकार्डं लिहाल. एक माझ्या साहेबांना, एक घरमालकाला, एक माझ्या सासूला. मागणी खोटी होती, असं. उघडी कार्डं."

"हे होणार नाही, बहनजी."

"मग बसा रोखा घेऊन." त्या उठल्या आणि मला घेऊन पायऱ्या उतरल्या.

आठ दिवसांनी तिन्ही कार्डं आली. त्याच दुपारी कुसुमताईंनी पोस्टाच्या बचत खात्यातून एकशे चाळीस रुपये काढले, 'पूर्ण फेड' लिहून घेतलं आणि रोखा घरी आणला. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी मुलाच्या सहीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे त्यानं लिवलं?" कुसुमताई म्हणाल्या, "हो. अन् मागं बघा, मरेपर्यंत फेडत होता." म्हातारीने सुनेचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

दोन वर्षांनी त्यांची नागपूरला बदली झाली. स्टेशनवर सामान चढवून झाल्यावर मी मनात राहिलेलं विचारलं. द्यायची गरज नव्हती, तर एकशे चाळीस तरी का दिले? आणि द्यायचेच होते, तर आधी एवढा तमाशा कशाला?

"एकशे चाळीस त्यांचे होते," कुसुमताई खिडकीतून म्हणाल्या. "यांनी घेतले होते, वापरले होते. वरचे दोन हजार ते आमच्या भीतीवर मागून राहिले होते. ती भीती काही आम्ही त्यांच्याकडून उसनी आणली नव्हती, सुधा. मग परत काय करायची?"