साथीदाराच्या चार कॉर्ड

सुदर्शन आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. वय शेहेचाळीस, लग्न नाही, व्यवसाय पेटीची साथ. सदाशिव पेठेत गाण्याच्या क्लासांना तोटा नाही, त्यामुळे त्यालाही कामाचा तोटा नाही. उत्तम वाजवतो, असं गाणारे सांगतात. साथीदाराचं उत्तम म्हणजे काय, तर गाणारा जाईल तिथे मुकाट्याने मागून जायचं आणि त्याने श्वास घेतला की त्याच्या ओळीची शेपटी तेवढी वाजवायची. सुदर्शन बोलतोही तसाच. "आज उकडतंय" म्हटलं, की "उकडतंय खरं" म्हणतो. इतक्या वर्षांत त्याने आपणहून एखादा विषय काढल्याचं मला आठवत नाही.

अशा माणसाने गेल्या वर्षी बुधवार पेठेतून कीबोर्ड आणला आणि पियानोच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा जिन्यात चर्चा झालीच. कारण नंतर कळलं. तो साथीला जातो त्यातल्या एका क्लासात दर शनिवारी पूर्णिमा गाणं शिकायला येते. हिंजवडीला नोकरी, चाळिशीची, घटस्फोटित. आवाज बरा, स्वभाव सडेतोड. पियानोच्या साथीवर एखादं हळवं सिनेमागीत म्हणायची तिला फार हौस होती आणि ते ती एकदा बोलून गेली होती.

पियानो शिकवणारी तनुजा सुदर्शनच्या निम्म्या वयाची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, फक्त चार कॉर्ड. सी, ए मायनर, एफ, जी. गोल गोल फिरवत राहायचं. अर्धी लव्ह साँग्ज याच्यावरच उभी आहेत."

सुदर्शनने ते आपल्या भाषेत बसवून घेतलं. सा ग प, ध सा ग, म ध सा, प नि रे. तीन तीन सूर एकत्र दाबायचे, एवढंच. बोटांना त्यात काही जड नव्हतं. पण डावा हात जन्मभर पेटीचा भाता मारत आलेला. तो कीबोर्डच्या मागे जाऊन हवेतच हलायचा. ही खोड महिन्याभरात गेली. दुसरी जाईना. कॉर्ड आधी पडायला हवी आणि गाणं तिच्यावर यायला हवं. हा मात्र वाजवण्याआधी थांबून राहायचा.

"सर, कुणाची वाट बघताय?" तनुजा विचारायची.

"गाणाऱ्याची," हा म्हणायचा. तिथे गाणारं कुणी नसायचंच.

घरी सराव चाले तो मी खालून महिनोन्महिने ऐकला. प्रेम इतकं कंटाळवाणं असतं, हे मला लग्न होऊनही इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

दिवाळीनंतर पूर्णिमा त्याला म्हणाली, "कंपनी मला बंगळुरूला पाठवतेय. कायमचं. अजून हो म्हटलं नाहीये."

यावर माणसाने काय बोलावं? सुदर्शन म्हणाला, "अरे वा. तिकडची हवा चांगली असते म्हणतात."

हे त्याने स्वतःच मला जिन्यात सांगितलं आणि खाली मान घालून उभा राहिला. मला त्याचा भयंकर राग आला. "मग तिला एक स्वेटरही घेऊन दे," मी म्हटलं. नंतर वाईट वाटलं, पण तोवर तो वर निघून गेला होता.

पुढच्या आठवड्यात गाण्याच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. पूर्णिमा गाणार आणि सुदर्शन कीबोर्डवर. मीही गेलो. पूर्णिमा माइकसमोर उभी राहिली आणि त्याच्याकडे बघू लागली. त्याची बोटं पट्ट्यांवर, नजर तिच्यावर. ती वाजण्याची वाट बघत होती, हा गाण्याची. शांतता इतकी लांबली की मागून एका आजोबांनी "लाइट गेले का हो?" असं विचारलं. सगळे हसले. पूर्णिमा हसली नाही. तिचा चेहरा पडत गेला. तो सुदर्शनलाही दिसला असावा, कारण त्याने तिच्यावरची नजर काढली आणि वाजवलं. सा ग प. मग ध सा ग. चार कॉर्डची फेरी पुरी झाली आणि मग ती गायली. एक कडवं गाळलं, शेवट दोघांनी वेगवेगळा केला, पण गाणं झालं. खरं सांगायचं तर मला आवडलं.

नंतर बाहेर चहा आणि वडे होते. मी पूर्णिमाशेजारीच उभा होतो. सुदर्शन कपसुद्धा न घेता थेट तिच्यासमोर आला.

"बंगळुरूला जाऊ नका," तो म्हणाला.

पूर्णिमा म्हणाली, "परवाच हो कळवलंय मी."

मी हातातला वडा खाली ठेवला. आता हा "कळवलंत होय" म्हणणार, याची मला खात्री होती.

"मग मी तिकडे येतो," सुदर्शन म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर. गाणारे तिथेही असतीलच."

पूर्णिमाचे डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा. "अहो, हेच त्या दिवशी बोलायला काय झालं होतं? एकटीपुरतं घर ठरवून बसलेय मी तिकडे. आता परत शोधायला नको का?"