एक्केचाळीस जणांची कारणं

विद्यापीठात तीस हजार मुलं शिकत होती. त्यांतली एकशेवीस दरवर्षी ऑनर्सला घेतली जात. बाकीचा अभ्यास सगळ्यांसारखाच, वर सकाळी आठचं चर्चासत्र आणि शेवटच्या वर्षी एक प्रबंध. या मुलांचे अर्ज, तक्रारी आणि रडगाणी ज्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत येत, तिथे ताई तेवीस वर्षं मुख्य लिपिक होत्या.

मुलं त्यांना मागे समासताई म्हणत. प्रबंध जमा करायला कुणी आलं की त्या आधी त्याला बसवत, मग ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढून प्रत्येक पानाचा डावीकडचा समास मोजत. दोन मिलिमीटर कमी भरला तरी गठ्ठा परत. नव्या मुलांना वाटे, या व्याकरणाच्या बाई असतील. ताईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बांधणीत ओळीची पहिली अक्षरं गिळली जातात आणि पोराची वर्षभराची मेहनत वाचताच येत नाही, म्हणून हा खटाटोप, असं त्या घरी सांगत. नवरा मोटार चालवायला शिकवायचा. दुसऱ्याच्या चुकीवर ब्रेक दाबण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याला ते लगेच पटे.

नवे संचालक आले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद ताईंना झाला. ते याच ऑनर्समधून शिकून गेले होते. दुसऱ्या वर्षाला असताना हा मुलगा पहाटे छापखान्यात काम करायचा. आठच्या चर्चासत्राला रोज उशीर, मग गैरहजेरी, मग एक दिवस नाव काढून टाकण्याचा अर्ज. ताईंनी तो अर्ज पुढे पाठवलाच नाही. त्या छापखान्यात जाऊन त्याच्या मालकाशी बोलल्या, प्राध्यापकांच्या मागे लागल्या आणि त्याच्यापुरतं चर्चासत्र संध्याकाळी लावून घेतलं. पुढे तो पहिला आला, परदेशी शिकला, आणि आता कोट घालून त्याच जिन्याने वर आला. आल्या आल्या त्याने सगळ्यांसमोर ताईंना वाकून नमस्कार केला. ताई पदराने चष्मा पुसत राहिल्या.

ऑनर्सची नव्याने मांडणी करायची, हे काम त्याला दिलेलं होतं. वरच्यांची तक्रार एकच होती: एकशेवीस घेता आणि शेवटाला जेमतेम ऐंशी उरतात, मग हा पसारा कशासाठी? समिती नेमली गेली. पण पहिल्या बैठकीनंतर संचालक ताईंच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

"ताई, मुलं का सोडून जातात हे समितीत कुणालाच माहीत नाही. तुमच्याशी ती बोलतील. तुम्ही विचारा. त्यांना सांगा, परत यायचं असेल तर दार उघडं ठेवू."

"नावं बाहेर जाणार नाहीत ना?"

"शब्द देतो."

एवढं ताईंना पुरे होतं. गेल्या पाच वर्षांत सोडून गेलेल्यांची यादी त्यांनी काढली, फोन फिरवले, पत्रं टाकली. कुणाला दुकानात जाऊन भेटल्या, कुणाला इस्पितळाच्या कँटीनमध्ये. एक जण रिक्षा चालवत होता, त्याने मीटर बंद करून त्यांना घेऊन शहराला दोन फेऱ्या मारल्या आणि तेवढ्यात सगळं सांगून टाकलं. चार महिन्यांत एक्केचाळीस जण बोलले. ताई जाड वहीत एकेकाचं लिहीत गेल्या. जवळपास कुणालाच अभ्यास जड गेला नव्हता. कुणाचं सकाळचं काम होतं, कुणाकडे धाकटी भावंडं सोपवलेली होती, कुणाला आठला पोचवणारी बस मिळत नव्हती. एकाने सांगितलं की चर्चासत्रात सगळे हसतील या भीतीने तो तोंडच उघडत नसे.

सगळ्यात अवघड गेलं ते अर्थशास्त्राच्या मुलीचं. ती अजून विद्यापीठातच होती, दुसऱ्या वर्षाला. तीन वेळा भेटूनही ती काही बोलली नाही. चौथ्या वेळी वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर तिने सांगितलं, की आई आजारी असते, आजार मनाचा आहे, आईला एकटं ठेवता येत नाही. सकाळी शेजारची कुणी यायला तयार नसते. एकदा ती बाहेरून कडी घालून चर्चासत्राला आली होती, आणि तासभर तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. हे तिने मैत्रिणींनाही सांगितलेलं नव्हतं.

"दुपारी कुणीतरी असतं का घरी?" ताईंनी विचारलं.

"दुपारी मावशी येते."

"मग दुपारचं चर्चासत्र झालं तर येशील?"

मुलगी पायरीवरून उठली. मग म्हणाली, "येईन."

ताईंनी वहीच्या शेवटी दोन पानांत आपलं म्हणणं लिहिलं: चर्चासत्राला दुपारचा आणि संध्याकाळचा गट हवा, मध्येच सुटलेल्याला वर्षभराने परत येता यावं, आणि निवड फक्त गुणांवर नसावी. वही त्यांनी स्वतःच्या हाताने संचालकांना दिली. घरी जाताना त्यांनी नवऱ्यासाठी उगाच नवा रुमाल घेतला. मन इतकं हलकं झालं होतं.

नवी मांडणी सहा महिन्यांनी छापून आली, चकचकीत मुखपृष्ठाची. ताईंनी ती नेहमीसारखी पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि चौथं पान त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. चर्चासत्र सकाळी आठलाच होतं. अर्जाला मात्र नवं पान जोडलेलं होतं. आठवड्याला पंधरा तासांहून अधिक नोकरी करता का? घरी कुणाची देखभाल करावी लागते का? राहण्याचं ठिकाण किती लांब आहे? चर्चेत बोलताना संकोच वाटतो का? प्रत्येक होकाराला गुण वजा. ताईंनी चार महिने हिंडून जमवलेली कारणं एकाखाली एक ओळीने उभी होती. मुलांना टिकवून ठेवायला गोळा केलेलं सगळं त्यांना उंबऱ्याबाहेरच अडवायला वापरलं होतं.

शेवटी परिशिष्ट होतं. नावं गाळलेली होती, शब्द पाळलेला होता. पण सतराव्या क्रमांकापुढे छापलं होतं: अर्थशास्त्र, दुसरं वर्ष, विद्यार्थिनी, आईच्या मानसिक आजारामुळे घरी थांबावं लागतं. त्या वर्षी अर्थशास्त्रातून ऑनर्स सोडलेली मुलगी एकच होती.

ताई न विचारता संचालकांच्या खोलीत शिरल्या. पुस्तिका टेबलावर ठेवली. संचालकांनी मान वर करून बघितलं आणि शिपायाला बाहेर जायला सांगितलं. मग पुष्कळ समजावलं. वरून आकडा मागितला होता, नव्वद टक्के मुलं पूर्ण करताना दिसली नाहीत तर ऑनर्स बंदच पडणार होता. दुपारच्या गटाला माणसं द्यायला कुणी तयार नव्हतं. काही मुलं वाचवायची तर काही सोडावी लागतात. परिशिष्ट टंकलेखिकेने जसंच्या तसं घातलं, ती नजरचूक. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अरे, या अर्जाने तू तरी आत आला असतास का?"

संचालक खिडकीकडे बघत म्हणाले, "नाही. मला माहीत आहे."

हे 'माहीत आहे' ताईंना सगळ्यात जास्त लागलं. त्याच्या लक्षात आलं नसतं तर त्यांनी त्याला समजावलं असतं, वेळ पडली तर झापलंही असतं. पण एकेक प्रश्न लिहिताना त्याला स्वतःचा छापखाना आठवला होता आणि तरीही त्याने तो लिहिला होता. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते त्यांना आजवर नुसतं ऐकून माहीत होतं.

"बरं, सर," त्या म्हणाल्या. एकट्यात त्याला त्यांनी 'सर' म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. परत येण्यासाठी तिने आधीच केलेला अर्ज नव्या नियमाने नामंजूर झाला होता, आणि पुस्तिका वाचून वर्गात कुणीतरी तिला आईची तब्येत विचारली होती. ती रडली नाही, भांडली नाही. पुस्तिकेचं ते पान उघडून ताईंसमोर धरलं.

"हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

ताईंनी सांगायला सुरुवात केली, की त्यांनी काय लिहिलं होतं, काय मागितलं होतं. बोलता बोलता त्यांच्याच कानाला ते कालच्या खोलीतल्या बोलण्यासारखं ऐकू आलं आणि त्या थांबल्या. "माझी चूक झाली," एवढंच म्हणाल्या. मुलीने पुस्तिका तिथेच ठेवली आणि गेली.

त्या आठवड्यात ताईंनी एक्केचाळीस पत्रं हाताने लिहिली. तुम्ही मला जे सांगितलं त्याचं पुढे काय केलं गेलं, ते तुम्हाला कळायला हवं, असं म्हणून सगळं जसंच्या तसं. कुणालाही दोष न देता, पण कुणाला वाचवायचंही नाही असं ठरवून. नवरा पाकिटांवर तिकिटं चिकटवत होता. नोकरीला धक्का लागेल, असं त्याच्या ओठावर आलं होतं, पण बायकोचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

नऊ जणांची उत्तरं आली. रिक्षावाल्याने लिहिलं, की मला कुणी विचारायला आलं हेच खूप, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. एकाने नुसतं पत्र परत पाठवलं. दोघांनी तक्रार केली, त्यावर चौकशी बसली, आणि वर्षभराने देखभालीचा प्रश्न अर्जातून निघाला. बाकीचे प्रश्न तसेच राहिले. प्रश्न काढला त्याची बातमी विद्यापीठाच्या वार्तापत्रात संचालकांच्या फोटोसह आली, 'संवेदनशील निर्णय' अशा मथळ्याखाली. ताईंनी बदली मागून घेतली होती. पदवी प्रमाणपत्रांच्या विभागात, तळमजल्यावर, जाळीच्या खिडकीमागे त्यांना टेबल मिळालं. संचालकांनी निरोपाचा कार्यक्रम ठेवला, त्या दिवशी ताईंनी रजा टाकली.

पुढच्या वर्षी प्रमाणपत्रं न्यायला आलेल्या रांगेत अर्थशास्त्राची मुलगी होती. साध्या पदवीला ती वर्गात दुसरी आली होती. ताईंनी गठ्ठ्यातून तिचा कागद काढला, नावाचं एकेक अक्षर तपासलं आणि जाळीखालून पुढे सरकवला. विचारायचं पुष्कळ होतं. आई कशी आहे, पुढे काय करणार. पण तो हक्क आता आपल्याकडे उरलेला नाही, हे त्यांना कळत होतं.

"सही कुठे करू?" मुलीने विचारलं.

ताईंनी रजिस्टर तिच्याकडे फिरवून रकान्यावर बोट ठेवलं. तिने सही केली, पेन जागेवर ठेवलं, आणि मागचा मुलगा पुढे सरकला.