आधी भावाला धरा

रंगनाथ वाघचौरे सरांची आणि माझी पहिली भेट राहुरीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली, आणि त्या पहिल्याच भेटीत त्यांनी मला आमच्या रुग्णवाहिकेच्या चालकाला घट्ट कवेत धरायला लावलं. मी तेव्हा रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. शेतातल्या अपघातांत माणसाची सुटका कशी करायची याचं प्रशिक्षण आहे, एवढाच निरोप होता. शेडमध्ये एक मळणीयंत्र, एक कडबाकुट्टी आणि आडवा पाडलेला ट्रॅक्टर दिसला. म्हटलं, आता यंत्रांची माहिती मिळेल. सरांनी यंत्रांकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी आमचे चालक बापू यांना पुढं बोलावलं आणि मला म्हणाले, "डॉक्टर, यांचा भाऊ विहिरीत पडलाय. हे उडी मारायला निघालेत. धरा यांना."

बापू म्हणजे तालमीत वाढलेला गडी. त्यांनी मला फरफटत शेडच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. सगळे पोट धरून हसले. सर तेवढे हसले नाहीत. "झाले दोन पेशंट," ते म्हणाले, "पुन्हा."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही दुसरं काहीही केलं नाही. मागून कवेत घ्यायचं, आपलंच मनगट आपल्या हातानं पकडायचं आणि त्या माणसाला घेऊन खाली बसायचं. "उभं राहून कुनी कुनाला धरू शकत न्हाई. घेऊन बसा. शिव्या देईल, चावेल, सगळं खाऊन घ्या." हे सांगणारे गृहस्थ आयटीआयमधून शेतीयंत्रांचे निदेशक म्हणून निवृत्त झालेले. डोक्यावर टोपी, चष्म्याला काळी दोरी, आणि चूक झाली की आवाज चढत नाही, उलट खाली येतो. आज आपल्या जिल्ह्यात रुग्णवाहिकेवरची, अग्निशमन दलातली, साखर कारखान्यांवरची आणि गावोगावच्या तरुण मंडळांतली कितीतरी माणसं सरांच्या हाताखालून गेलेली आहेत. त्या सगळ्यांना हा मनगट पकडण्याचा धडा पाठ आहे.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. वीज नसली की विहिरीवर इंजिन चालवतात, आणि पाणी खोल गेलं की इंजिनच विहिरीत उतरवतात. धूर आत कोंडतो. खाली गेलेला माणूस बसल्या जागी कलंडतो. मग त्याला काढायला भाऊ उतरतो, भावामागे चुलता. कुणी थांबत नाही, कारण आपलं माणूस खाली पडलेलं असताना काठावर उभं राहणं आपल्याकडे कुणाला जमत नाही आणि शोभतही नाही. सावध माणसं आधी दोरीला कंदील बांधून सोडतात; ज्योत जळत राहिली की हवा चांगली, असा जुना समज. सर तो समज वर्गात पहिल्याच दिवशी काढून टाकतात. "नुसती कोंडलेली हवा असंल तर कंदील सांगतो. इंजिनाच्या धुराचं त्याला काय कळत न्हाई. कंदील नीट जळतोय म्हणून माणूस उतरतो आन तिथंच राहतो." म्हणून सरांच्या पद्धतीत दोरी दुसऱ्या क्रमांकावर येते. आधी भावाला धरा. तेवढं एक जण करील, बाकीचे मग डोकं थंड ठेवून काम करतील.

चारा बारीक कापणाऱ्या कडबाकुट्टीचंही असंच. हात अडकला की घरची माणसं घाबरून रोलर उलटा फिरवतात आणि हात आणखी चिरडतो. सर शिकवतात की हात ओढायचा नाही, हाताभोवतीचं मशीन खोलायचं. आधी वीज बंद, मग पट्टा, मग एकेक नट. सरावासाठी हाताच्या जागी मुळा अडकवतात. सरांच्या वर्गात मुळ्यांच्या पिढ्या कामी आल्या आहेत. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, मला एकदा म्हणाल्या, "आमच्या घरी मुळ्याची भाजी व्हायची बंद झाली. आनला की हे उचलून शेडात नेत्यात."

या मुळ्यांचं फळ मी डोळ्यांनी बघितलं आहे. राहुरीकडच्या एका वस्तीवर एका बाईंचा हात कुट्टीत गेला. आमच्या माणसांनी रोलर मशीनपासून सोडवला आणि बाईंना हात अडकलेल्या रोलरसकट दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी हात वाचवला, दोन बोटं मात्र आखडली. काही महिन्यांनी सर त्यांच्या घरी गेले, मीही होते. बाईंनी त्याच हातानं भाकरी थापली. एरवी एका भाकरीवर हात धुणारे आमचे सर दुसरी मागून घेत होते आणि भाकरीकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत होते.

मी मूळची पाथर्डीची. आमच्याकडून दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सरांनी हट्टानं ठरवलं की टोळ्या निघायच्या आधी गावात जाऊन बोलायचं. उसाच्या ट्रॉलीवर बसून प्रवास नको, ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टजवळ पदर खोचून घ्या, असं ते समजावून सांगत होते. एक म्हातारी मावशी उठून म्हणाली, "आमाला लई शिकवू नगा. आमी काय हौसेनं बसतोय व्हय ट्रालीवर? मुकादमाला शिकवा." सरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर हाय, मावशी. चुकीच्या मानसाफुडं बोलत हुतो." तिथून ते सरळ मुकादमाच्या ओट्यावर जाऊन बसले, आणि त्यानं माणसांसाठी वेगळी जीप लावायचं कबूल करेपर्यंत उठले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा गेले, कबूल केलेलं पाळलं का ते बघायला.

माझ्यावरचं त्यांचं प्रेम मला शब्दांत नीट मांडता येणार नाही. माझ्या हातून पहिला रुग्ण गेला तेव्हा मी नोकरी सोडायची म्हणून घरी बसले होते. सर एसटीनं आले. समजावणीचा एक शब्द बोलले नाहीत. माझ्या आईशी बाजरीच्या पेरणीवर बोलत बसले, चहा प्याले, आणि निघताना म्हणाले, "सोमवारी वर्ग हाय. बापूंना धरायला मानूस न्हाई." मी सोमवारी गेले.

एक गोष्ट मात्र आम्हाला कधी उलगडत नव्हती. सर वर्ग घेत, गावं पालथी घालत, दवाखान्यात रुग्णाला भेटायला येत. पण प्रत्यक्ष दुर्घटना झालेल्या विहिरीवर ते कधीही येत नसत. "माझं काम शिकवायचं," एवढंच म्हणत. वयामुळे असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या उन्हाळ्यात देवळाली प्रवरात वर्ग चालू असतानाच फोन आला. जवळच्याच मळ्यात संतोष नावाचा तरुण शेतकरी इंजिन बघायला विहिरीत उतरला होता आणि खाली कलंडला होता. सगळेच गाडीत चढले. गडबडीत सरही चढले. आम्ही पोहोचलो तेव्हा संतोषच्या थोरल्या भावाला दोन पोरांनी धरून खाली बसवलेलं होतं. तो त्यांना नाही नाही ते बोलत होता आणि ती पोरं मान खाली घालून ऐकत होती. ती सरांच्याच आधीच्या एका वर्गातली. कुणीतरी विहिरीत वारा सोडायला ब्लोअर लावत होतं. अग्निशमनचे जवान पाठीवरच्या हवेच्या टाक्या घेऊन निघाले होते. सगळं शिकवल्यासारखं चाललं होतं. मी ऑक्सिजन काढायला वळले आणि सर कुठं दिसेनात.

ते विहिरीच्या काठावर होते. चपला आणि टोपी काढून बाजूला ठेवली होती, एक पाय पहिल्या पायरीवर गेला होता. मी धावले, मागून कवेत घेतलं, मनगट पकडलं आणि त्यांना घेऊन बसले. ज्यांनी मला कधी 'अगं' म्हटलं नाही, ते सर ओरडत होते, "सोड मला! सोड म्हनतो ना! पोरगं मरतंय खाली!" त्यांचं कोपर माझ्या ओठावर बसलं, रक्त आलं. पंच्याहत्तरीला टेकलेल्या माणसात एवढी ताकद कुठून आली, देव जाणे. मग ते हाक मारायला लागले. "सुदाम! ए सुदाम!" खाली संतोष होता. सुदाम नावाचं त्या मळ्यात कुणीच नव्हतं.

जवान आले. त्यांना बघून बापूंनी सरांना माझ्या हातातून आपल्या हातात घेतलं. टाकी पाठीला लावून एक जवान उतरला, दोरीनं संतोषला वर काढलं. मी ऑक्सिजन लावला. बराच वेळ काहीच होईना. त्याचा भाऊ शिव्या विसरून माझ्या तोंडाकडे बघत होता. मग संतोषच्या पापण्या हलल्या, तो खोकला, आणि त्याच्या भावानं जमिनीवर डोकं टेकलं. संतोष काही दिवस दवाखान्यात राहून घरी गेला.

त्यानंतर सर फोन उचलेनात. काकू सांगत, झोपलेत. मला फार भीती वाटली. माझ्या ओठाचं मला काही नव्हतं, पण ते आता वर्गच घेणार नाहीत असं वाटू लागलं. आणि एके दिवशी बापूंना निरोप आला, राहुरीच्या शेडमध्ये नेहमीप्रमाणे या.

शेड भरलं होतं. सर उभे राहिले. आवाज इतका खाली की मागचे पुढं सरकले.

"सुदाम माझा धाकटा भाऊ. आमच्याच विहिरीत गेला. मला मिसरूड फुटत हुतं तवा. मी उतरायला निघालो आन आईनं मागून धरलं. मी तिला मारलं, चावलो. तिनं सोडलं न्हाई. गावानं तिला नावं ठेवली, की हिनं एक पोरगं डोळ्यांदेखत मरू दिलं. मीबी तेच म्हनत हुतो. पुढं ती बरीच वर्षं जगली, पर मी तिच्याशी कामापुरतंच बोलायचो. तिनं केलं ते बरोबर हुतं, हे मला पुढं धुराचा अभ्यास केला तवा कळलं. सांगायला धावत घरी जावं, तर घरात ती न्हवती."

सर माझ्याकडे वळले. "डॉक्टर, जरा उभ्या राहा."

मी उभी राहिले. त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि माझ्यापुढं वाकले. मी "अहो सर, हे काय" म्हणत मागं सरले. ते वाकलेलेच होते.

"बरं केलंस," ते म्हणाले. "मला धरलंस ते लई बरं केलंस."

तो नमस्कार कुणाला होता, हे त्या शेडमधल्या प्रत्येकाला कळलं. बापू तोंड फिरवून उभे होते. मी मात्र तो नमस्कार घेतला, कारण घेणारी दुसरी कुणी उरली नव्हती.

सर, त्या माउलीच्या हातात त्या दिवशी जेवढं होतं, तेवढं तिनं सुटू दिलं नाही. म्हणून आज देवळालीचा संतोष आपल्या घरी आहे आणि आम्हाला तुम्ही आहात. आपले गुडघे, आपली नजर आणि आपला तो खाली येणारा आवाज शंभरी ओलांडेपर्यंत असाच शाबूत राहो. तिनं मार खाऊन राखलेलं हे आयुष्य खूप खूप लांब होवो.