मामांच्या वाट्याचं ऊन

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी स्वतःचं घर उन्हात नेऊन उभं करत. घर म्हणजे त्यांचा जुना टेम्पो. ज्या टेम्पोतून आयुष्यभर लोकांचं सामान वाहिलं, त्यातच त्यांनी पलंग, शेगडी आणि छोटा फ्रिज बसवून घेतला, टपावर सोलरची पॅनल टाकली, पलंगाखाली बॅटऱ्या ठेवल्या. सगळं घणसोली गाव त्यांना हसलं. त्या हसणाऱ्यांचा मला अजून राग येतो, आणि त्यांत पहिला नंबर माझ्या नवऱ्याचा.

ती पॅनल आधी गावातल्या आमच्या घराच्या गच्चीवर होती, मामांनी हौसेनं लावलेली. मग शेजारी टॉवर उभा राहू लागला. त्यात माझा नवरा भागीदार. मजले चढत गेले तशी आमची गच्ची सावलीत गेली आणि पॅनल नुसती शोभेला उरली. मामा एकदाच बोलले. "खाडी नेली, शेती नेली, आता ऊन पन नेता? मंग मीच जातो उन्हामागं." आम्ही टॉवरमध्ये राहायला गेलो. मामा टेम्पोत गेले.

नवऱ्याला लाज वाटायची. "बाबा, बिल्डिंगच्या मीटरवरून वायर टाकून देतो ना, बिनधास्त एसी लावा," तो म्हणाला. मामांनी मान वर केली नाही. "त्या बिल्डिंगची लाइट मना नको." मग हा पठ्ठ्या जनरेटर घेऊन आला. मामांनी तो एकदा चालू केला, त्याची भडभड ऐकली आणि बंद केला. "मी घरान झोपाचा का वरातीन?" जनरेटर आल्या पावली परत गेला.

उन्हानं दिलं तेवढंच वापरायचं, हा त्यांचा हट्ट. फ्रिजमध्ये मासळी असली की पंखा बंद. आभाळ भरून आलं की गाडी फिरवायची, कारण इंजिन चालू असलं की बॅटरी भरते. अशा दिवशी ते मला रबाळ्याला ऑफिसला सोडत. पुढे पुढे मलाच स्टिअरिंगवर बसवू लागले. मी हळूच ब्रेक लावला की ओरडत, "ब्रेक काय तुजा सासरा नाय, दाब जोरान." मग कंपनीच्या गेटबाहेर त्यांच्या शेगडीवरचा चहा पिऊन मी कामावर जायची. सासरच्या घरात मला खरं माहेरपण मिळालं ते त्या टेम्पोत.

टॉवरमधल्या लोकांना बिल्डिंगच्या गेटसमोर उभा असलेला तो टेम्पो खुपू लागला. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते चार दिवस आमच्याकडे राहिले, तेवढ्यात नवऱ्यानं टेम्पो बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नेऊन लावला. वर मोठेपणा असा, की लोक ज्या जागेसाठी भांडतात ती बाबांना दिली. काळा चष्मा लावून मामा लिफ्टनं खाली गेले. टेम्पोभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हितं ऊन कवा येतं?" नवरा मोबाइल बघत राहिला. त्या दिवशी मी त्याला जे बोलले त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

टेम्पो बाहेर काढून पुन्हा गेटसमोर लावायला सोसायटीच्या कमिटीनं परवानगी दिली नाही. बॅटऱ्या मेल्या. मामा आमच्या घरात खिडकीशी बसून राहू लागले. घामानं बनियन भिजायचं, पण पंख्याच्या बटणाला त्यांनी हात लावला नाही. मी लावला तर उठून बंद करत. पावसाळा संपायच्या आत ते गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. मी घरातल्यांना दुसरं सांगितलं.

तेरावा झाला. नवऱ्यानं हार घातलेल्या फोटोपुढे विजेचा छोटा दिवा लावला. टॉवरच्या लाइटवर, मामांपुढे. माझं डोकंच फिरलं. मी प्लग काढला, फोटो काखेत धरला आणि मेकॅनिकला घेऊन तळघरात गेले. नव्या बॅटऱ्या टाकून टेम्पो मीच बाहेर काढला आणि गेटसमोर भर उन्हात उभा केला. "लोक काय बोलतील?" नवरा म्हणाला. मी म्हटलं, "त्यांना माझ्याशी बोलायला सांग."

तक्रारी येतात. कमिटीची नोटीस आली, तीही मी वाचून ठेवून दिली. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी टेम्पो उन्हात घेते. संध्याकाळी आत मामांच्या फोटोपुढे दिवा लागतो. त्याला बिल्डिंगची लाइट लागत नाही.