भोकरदनचे चौकटराव

चौकटरावांना कुठल्याही गोष्टीभोवती आधी चौकटच दिसायची. मस्तगडातल्या आमच्या ऑफिसात शेतांचे नकाशे दाखवणारं ॲप बनत होतं. नकाशावर बोट ठेवलं की ते कुणाच्या शेतात पडलं, हे ॲपनं सांगायचं. माझा प्रोग्राम शेताशेताचे वाकडेतिकडे बांध तपासायचा आणि ॲप रांगायचं. चौकटरावांनी रुजू झाल्या झाल्या प्रत्येक शेताभोवती एक सरळ चौकोन आखला. बोट चौकोनाबाहेर असलं तर बांधांकडे बघायचंच नाही. ॲप पळायला लागलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

"ताई, चौकटीतच न्हाई, मंग आत कशाला हुडकून राह्यल्या?" हे त्यांचं पालुपद. ते लग्नाच्या स्थळांनाही लागू व्हायचं. मुलींना पुण्यातला नवरा पाहिजे, आपण त्या चौकटीतच नाही, असं म्हणत ते माझ्या डब्यातला ठेचा संपवायचे. माणूस वाईट असता तर जळणं सोपं गेलं असतं.

नकाशाच्या कामाचं प्रमुखपद मला हवं होतं. मी जुनी, ते कालचे. साहेबांसमोर माझा नकाशा उघडला, तर उत्तरेचं भोकरदन अंबडच्या खाली. नकाशात उत्तरेकडे जाताना आकडा वाढतो, मोबाइलच्या पडद्यावर तो वरून खाली वाढतो. मी दोन्ही आकडे एकाच प्रकारात ठेवून गल्लत केली होती.

"आमचं गाव पार दक्षिणेला गेल्तं की, ताई. बसचा खर्चा वाढंल आता," चौकटराव म्हणाले. सगळे हसले. पद त्यांना मिळालं.

मग त्यांनी शेताचा बिंदू आणि पडद्याचा बिंदू असे दोन वेगळे प्रकारच केले. एकाच्या जागी दुसरा दिला की प्रोग्राम तयारच होत नाही. त्यात खोट काढायला मी कितीतरी दिवस घातले. ती निघाली नाही.

यंदा त्यांना पुण्यात नोकरी लागली. निरोपाचे पेढे मी अगदी मनापासून वाटले. आता ते पद माझ्याकडे आहे, साहेब सगळं मला विचारून करतात. आनंद चार दिवस टिकला. ते होते तोवर कुठलाही प्रोग्राम लिहिताना, हे बघून चौकटरावांचं तोंड कसं होईल, एवढंच माझ्या डोक्यात असायचं. त्या खुन्नशीवरच माझा हात चालायचा. परवा एक किचकट काम झकास जमलं. शेजारी बसणारी नवी मुलगी "छान, ताई" म्हणाली. त्यात छान काय होतं, ते तिला कळलं नव्हतं.

मेल्याला पुण्याला जायची एवढी काय घाई होती.