चहा सांगायला गेलेला माणूस

आमचे हे फौजेत गाडी चालवायचे. डोंगरातल्या वळणावर गाडी उलटली, डोकं दगडावर आपटलं, आणि शुद्धीवर आला तो माणूस वेगळाच होता. आष्टीच्या बाजारात मिरच्या आणायला पाठवलं तर भलत्याच गावच्या एसटीत बसायचे. भांडं पडलं की कान दाबून ओरडायचे.

तरी मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरानं दोन-चार प्रश्न विचारले, ह्यांनी ताठ उभं राहून "ठीक हूँ साब" म्हटलं, आणि अपंगत्व नावापुरतं लिहिलं गेलं. बाहेर तो मला म्हणाला, "बाई, धडधाकट नवऱ्याला वेडा ठरवू नका."

भाकरी थापताना ते वाक्य आठवायचं आणि माझा हात जोरात पडायचा.

पेन्शनसाठी मी अपील केलं; त्या दिवशी छावणीत, अपिलाच्या बोर्डापुढे, आपला अहवाल समजावून सांगायला तोच डॉक्टर हजर होता. आत जाण्याआधी मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगून ठेवलं, "दादा, हे एकटे आले तर बाहेर सोडू नका."

डॉक्टर म्हणाला, "यांना सगळं समजतं."

"मग चहा सांगायला धाडा की साहेब," मी म्हणाले. "कॅन्टीन समोरच हाय."

बोर्डाचे अध्यक्ष हसले. हे सलाम ठोकून गेले.

आलेच नाहीत. शिपाई शोधून रिकामा परतला. डॉक्टर माझ्यावर खेकसला, "अहो, तुम्ही जा ना बघायला!"

"मी कावून जाऊ? धडधाकट हायेत न्हवं?"

अध्यक्षांनी डॉक्टरलाच पाठवलं. मी खिडकीशी उभी राहिले. भर उन्हात तो या बराकीतून त्या बराकीत पळत होता, आणि मला वाटत होतं, अजून पळ, लई पळ.

हे एका उभ्या ट्रकमध्ये स्टिअरिंग धरून हुकमाची वाट बघत बसले होते. डॉक्टर हात जोडून विनवायला लागला तेव्हा कुठे उतरले. तो घामानं निथळत आत आला.

"चहा सांगितला का वो?" मी ह्यांना विचारलं.

"कसला चहा?" हे म्हणाले. अध्यक्षांनी पेन उचललं.

अपंगत्वाचे टक्के वाढवून मिळाले. निघताना डॉक्टर म्हणाला, "ताई, माझं चुकलं."

"चुकलं न्हाई साहेब. तुमी बघितलंच न्हाई."

माफ केलं नाही. एसटीत हे माझ्या खांद्यावर झोपले आणि मी त्याचं ते पळणं, गुळाचा खडा जिभेखाली धरावा तसं, बीड येईपर्यंत चघळत राहिले.